अल्लमप्रभू सिद्धरामेश्वरांना बोलले, ते बरोबर होतं का?

उत्तरकसबा (धागाकर्ता)
भोगी जवळ आली की सोलापुरात जो तो सिद्धरामेश्वरांच्या यात्रेवर आणि तिच्यातल्या नंदीध्वजांवर, म्हणजे मिरवायच्या उंच काठ्यांवर बोलतो. सराव कुठवर आला, बाराबंदी (काठीवाल्यांचा पांढरा अंगरखा) शिवून झाली का, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, यंदा पाळणे किती. पण सिद्धरामेश्वरांनी सांगितलं काय, असं विचारलं की माणसं तलावाकडं बोट दाखवतात. ते उत्तर अगदीच चुकीचं नाही म्हणा.

गोष्टीचा पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे. बारावं शतक, गावाचं नाव सोन्नलगी. मुद्दप्पा आणि सुग्गलादेवीचा अबोल मुलगा रानात गुरं राखतोय. एक जंगम येतो, हुरडा मागतो, मग म्हणतो दहीभात दे. पोरगा घरून दहीभात घेऊन येतो, तर जंगम गायब. 'मल्लय्या, मल्लय्या' करत तो यात्रेकरूंबरोबर श्रीशैलला जातो. तिथंही मल्लय्या सापडेना म्हणून कड्यावरून उडी टाकायला निघतो, तेव्हा मल्लिकार्जुन हात धरतो आणि परत पाठवतो, तुझ्या गावाचंच श्रीशैल कर म्हणून. मग पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना, तलाव, अन्नदान, गोरगरिबांची लग्नं.

दुसरा भाग आपल्याकडं कमी सांगतात. एके दिवशी अल्लमप्रभू, बसवण्णांच्या काळातले शिवभक्त संत, तलावाच्या कामावर येऊन उभे राहतात आणि मजुरांना विचारतात, तुमचा तो ओड्डराम कुठाय? म्हणजे दगडमाती उपसणारा राम. मजूर भडकतात, दगड मारतात, दगडांचा ढीग होतो आणि अल्लम मजेत उभे. सिद्धराम येतात, त्यांचाही तिसरा डोळा उघडतो, पण अल्लमांसमोर ती आग चालत नाही. मग वाद होतो. अल्लमांचं म्हणणं एवढंच, की बाहेर एवढं खोदलंस, आत किती खोदलंस? शेवटी सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला (कर्नाटकातलं बसवकल्याण), बसवण्णांच्या अनुभवमंटपात, म्हणजे शिवभक्तांच्या चर्चासभेत जातात.

माझं मत आधीच सांगतो. अल्लमप्रभूंचं चुकलं. आपल्यासारख्या कोरड्या मुलखात जो माणूस पाणी अडवतो, त्याला आत काय झालं हे विचारायला आधी तहान लागलेली नसावी लागते. तुम्हाला काय वाटतं?

कडक_भाकरी
हुरडा आला तिथवर वाचलं. भूक लागली. बाकीचं जेवून आल्यावर.

पाटबंधारे_निवृत्त
धागाकर्त्याशी सहमत, आणि थोडं माझ्या धंद्यातलं बोलतो.

तलाव 'खोदला' असं आपण सहज म्हणतो. उतार कुठून कुठं जातो हे दोनचार पावसाळे बघितल्याशिवाय कळत नाही. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर बांध घातला आणि नीट दाबला नाही तर पहिल्या मोठ्या पावसात जातो. उपसलेली माती नेऊन टाकायची कुठं, गाळ अडवायचा कसा, जादा पाणी सोडायचं कुठून, हे सगळं ठरवावं लागतं. शिवाय शेकडो माणसं रोज कामावर येणार, त्यांच्या भाकरीची सोय. नुसत्या भक्तीवर हे उभं राहत नाही.

पुढं किल्ला याच पाण्याच्या कडेला झाला. हिप्परग्याचा एकरुख तलाव इंग्रजांनी १८७१ साली पुरा केला, उजनी तर कालपरवाची. म्हणजे त्याआधी कित्येक शतकं या गावाच्या विहिरींना खालून आधार होता तो या तळ्याचा. एवढं काम ज्यानं उभं केलं त्याच्या आत काही घडलंच नाही, हे मला पटत नाही. सकाळी ठरवलेली गोष्ट संध्याकाळी पाण्यानं खोटी पाडली की माणूस आपोआप नमतो. त्याला वेगळा गुरू लागत नाही.

दत्तचौक
काका, प्रतिसाद एक नंबर.
पण मला एक कळेना. सिद्धरामेश्वर महाराज तर स्वतःच विहंगम मार्ग सांगायचे ना? मुंगी झाडाच्या खोडावरून हळूहळू फळापर्यंत जाते, पक्षी थेट जाऊन बसतो, तसं ज्ञानानं थेट जा म्हणून. मग त्यांना अल्लमप्रभूंनी काय वेगळं सांगायचं?

विजापूरवेस
@दत्तचौक, अहो, तुम्ही सातशे वर्षांची उडी मारलीत. हीच विहंगम गती असेल तर मान्य.

ते सिद्धरामेश्वर महाराज वेगळे. जन्म १८८८, आपल्याच जिल्ह्यातल्या पाथरीचा. इंचगिरीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य. देह ठेवला १९३६ साली मुंबईत. भाऊसाहेब महाराजांचा मार्ग नामस्मरण आणि ध्यानाचा, त्याला पिपीलिका मार्ग म्हणतात. यांनी पुढं विवेकानं थेट 'मी कोण' याचा उलगडा करायचा मार्ग धरला, तो विहंगम. मुंबईत विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज त्यांचेच शिष्य. जगभरातले लोक त्यांच्या माळ्यावर येऊन बसायचे, आणि महाराज विडी ओढत प्रश्न उडवून लावायचे.

कडक_भाकरी
जेवून आलो. विडीचा विषय निघालाय म्हणजे संप्रदाय सोलापूरचाच, आता पुराव्याची गरज नाही.

दत्तचौक
माझ्या आजोबांच्या देव्हाऱ्यात दोघांचे फोटो शेजारीशेजारी होते. मला लहानपणापासून एकच महाराज वाटले, एक तरुणपणीचा फोटो, एक म्हातारपणीचा.

वचनवेडी
धागाकर्त्यांनी गोष्ट छान सांगितली, पण अल्लमांवर अन्याय केला. म्हणून जरा सविस्तर.

सिद्धरामांची दोन चित्रं आपल्यापुढं आहेत आणि ती वेगवेगळ्या काळांतली आहेत. तेराव्या शतकात राघवांक या कन्नड कवीनं 'सिद्धरामचरित्र' लिहिलं. त्यात भर आहे तो श्रीशैलवर, तलावावर, देवळांवर, लोकांसाठी केलेल्या कामांवर. अल्लम आणि सिद्धराम यांचा जो वाद आपण सांगतो तो रंगलाय 'शून्यसंपादने'त. ती पंधराव्या शतकातली. शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या चळवळीतल्या शिवभक्तांची वचनं घेऊन त्यांच्याभोवती संवाद रचलेले आहेत, आणि सगळ्यांच्या मधोमध अल्लम. मोठमोठे लोक त्यांच्यापुढं येतात आणि प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं. बसवण्णा, अक्कमहादेवीसुद्धा या प्रश्नांतून सुटलेले नाहीत. त्यामुळं 'अल्लम सिद्धरामाला बोलले' याचा अर्थ सिद्धराम कमी होते असा नाही. तिथं सगळेच बोलणी खातात.

आता मुद्दा. तलाव खोदू नको, असं अल्लम कुठं म्हणतात? त्यांचा रोख मालकीवर आहे. मी तलाव केला, मी लिंगं स्थापली, माझ्या गावाचं श्रीशैल झालं, यातला 'मी' त्यांना टोचतो. दुसरी गोष्ट लिंगाची. सिद्धरामांची ६८ लिंगं म्हणजे जागेवर स्थापलेली, स्थावर. कल्याणच्या शरणांचा आग्रह इष्टलिंगाचा, तळहातावर घेऊन पूजायच्या, अंगावर बाळगायच्या लिंगाचा. मध्ये देऊळ नाही, पुजारी नाही. ज्याला गावकुसाच्या आत यायची बंदी त्याचाही देव त्याच्या गळ्यात. सिद्धरामांना ती दीक्षा बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांनी दिली असं परंपरा सांगते. पाण्याचा प्रश्न सुटला होता, आता देवळाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न होता. अल्लम तिकडं बोट दाखवत होते.

सिद्धरामांची हजाराच्या वर वचनं आज मिळतात. सगळ्यांच्या शेवटी मुद्रा, म्हणजे सहीसारखं देवाचं नाव, एकच, कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. म्हणजे कल्याणला गेले, दीक्षा घेतली, तरी रानात हुरडा मागणारा मल्लय्या काही सुटला नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

उत्तरकसबा
ताई, देवळाबाहेरच्या माणसाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण मालकीचं पटत नाही. 'मी' नसता तर तलाव झाला असता का? कुणीतरी पुढं व्हावंच लागतं.

बाराबंदीवाला
काय चर्चा चाललीय बे, चांगलंय. मी दरवर्षी काठीला असतो. आमच्या वडलांपासून आहे.

लोक म्हणतात, नंदीध्वज पेलताना मी-पण गळून पडतं. खोटं सांगत नाही, पेलताना पडतं. एवढी उंच काठी, वरून वारा, खाली रस्त्यात खड्डे, चारी बाजूंनी 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'. त्या टायमाला मान वर, नजर शेंड्यावर, कमरेत ताकद, दुसरं काही सुचत नाही. पण काठी दुसऱ्याच्या हातात गेली की पुढचं वर्षभर आम्ही छाती काढून फिरालोय. 'मी काठी पेलतो' हे लग्न जमवताना पण सांगतात. तेव्हा वचनवेडी ताईंचं बरोबर आहे. अल्लमप्रभूंना एकदा आमच्या सरावाला बोलवा.

कडक_भाकरी
@बाराबंदीवाला, लग्न जमलं का मग?

बाराबंदीवाला
जमलं की. बायको म्हणते काठीपेक्षा गॅसची टाकी उचल.

कुंभारवाड्याची
मला इथं वेगळंच बोलायचंय. यात्रा म्हणजे लग्न आहे, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, नाही म्हणाले. मग तिच्या हट्टाखातर आपल्या योगदंडाशी लग्न लावायला त्यांनी परवानगी दिली, ही कथा. नंदीध्वज म्हणजे तो योगदंड. भोगीला ६८ लिंगांना तैलाभिषेक म्हणजे हळद, संक्रांतीला सम्मती कट्ट्यावर अक्षता, आणि दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होम. त्या होमात पेंढीला शालू नेसवून, बांगड्यामणी घालून कुंभारकन्या म्हणून अग्नीत देतात.

आमच्या घरी या गोष्टीचा अभिमान आहे, मलाही आहे. अक्षतेचा मान आमच्या माहेरचा, असं आजी म्हणायची. पण शाळेत असताना मी आजीला विचारलं होतं, की तिचं नाव काय होतं? आजीला नाही सांगता आलं. आईवडलांची नावं माहीत, गुरूचं माहीत, अगदी मुद्रेचं माहीत, आणि जिच्या लग्नाला लाखो लोक अक्षता टाकतात ती नुसती 'कुंभारकन्या'. ज्या अनुभवमंटपात अक्कमहादेवी सगळ्यांसमोर उभं राहून वाद घालते, त्याच काळातली ही गोष्ट आहे ना?

नास्तिक_बाळीवेस
कुंभारवाड्याची यांना +१.
यात भर घालतो. होमानंतर दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढं धान्य, गूळ, काय काय ठेवतात, ते काय खातं, बुजतं का, यावरून वर्षाचं भाकीत. पाऊस कसा, भाव कसे. कर्मकांड झुगारणाऱ्या चळवळीतल्या माणसाच्या नावानं हे चालतं. अल्लमप्रभू आज आले तर तलावाचं राहू द्या, वासरू बघून काय बोलतील?

पाटबंधारे_निवृत्त
वासराच्या भाकितावर मी नोकरीत असताना कधी पाणी सोडलं नाही. पण त्या रात्री गावोगावचे शेतकरी होम मैदानावर कान देऊन उभे असतात, ते काही मूर्ख नाहीत. पावसाबद्दल चारचौघांत मोठ्यानं बोलायचा तो एक प्रसंग आहे. भाकीत चुकलं म्हणून कुणी पेरणी थांबवलेली मी पाहिली नाही.

नास्तिक_बाळीवेस
मग भाकीत कशाला? नुसतं मोठ्यानं बोला की.

कडक_भाकरी
वासराला जेवायला मिळतं ना. त्याच्या बाजूनं पण विचार करा.

पूर्वभागातला
आम्ही तेलुगू, पद्मशाली. आमचा मार्कंडेयाचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो. पण संक्रांतीला आमच्या गल्लीतलं एक घर अक्षतेला जायचं चुकत नाही. सम्मती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचतात ती भाषा कन्नड, 'दिड्यम दिड्यम' ऐकू आलं की अक्षता टाकायची एवढं आम्हाला कळतं. शेजारचे मराठी काकाही तेवढ्यावरच टाकतात. बाकी काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे, मातंग समाजाकडेही आहेत. @वचनवेडी, तुम्ही देवळाच्या दाराबाहेरचा माणूस म्हणालात, त्याचं उत्तर थोडंसं इथं दिसतं का?

अवांतर: यात्रेच्या आदल्या दिवशी १२ जानेवारी असते. १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉ प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी झाली. यात्रेच्या गडबडीत हा दिवस विसरू नका. चौघांची आडनावं परत वाचा, सोलापूर काय आहे ते कळेल.

वचनवेडी
@पूर्वभागातला, दिसतं, पण अर्धं. मिरवणुकीत मान असणं आणि दैनंदिन व्यवहारात पंगत एक असणं यात फरक आहे. कल्याणमध्ये हाच फरक मिटवायला गेले तेव्हा काय झालं बघा. चांभार समाजातले हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस, दोघंही शरण. एकाच्या मुलाचं दुसऱ्याच्या मुलीशी लग्न लागलं. बिज्जळ राजाच्या राज्यात दोघा बापांना देहदंड झाला. कल्याण पेटलं, शरण पांगले, वचनांची बाडं घेऊन जिकडं वाट फुटेल तिकडं गेले. एका लग्नानं राज्य हादरलं. सिद्धराम ज्या गोरगरिबांची लग्नं लावत होते तीही लग्नंच, पण राजाची झोप उडाली ती या एका लग्नानं. अल्लम सिद्धरामांना सोन्नलगीतून उठवून कल्याणला का घेऊन गेले, याचं उत्तर मला इथं सापडतं.

शेळगीकर
विद्यापीठाला सिद्धेश्वरांचं नाव द्यायला हवं होतं की नाही यावर कुणीच कसं बोललं नाही? मी सुरुवात करतो...

व्यवस्थापक
शेळगीकर यांच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. नामांतर आणि लिंगायत स्वतंत्र धर्म या विषयांवर आधीच दोन धागे आहेत, दोन्हींना कुलूप आहे. इथं मूळ प्रश्नावर बोला.

कडक_भाकरी
व्यवस्थापकांचा तिसरा डोळा उघडला.

विजापूरवेस
मूळ प्रश्नावरच. मुंगी आणि पक्षी हा विषय दत्तचौक यांनी चुकून काढला असेल, पण तो इथं चपखल बसतो. एकाच जिल्ह्यात, एकाच नावाच्या दोन माणसांपुढं, सात शतकांच्या अंतरानं तोच पेच आलाय. करत करत पोचायचं, की आधी कळून घ्यायचं? पाथरीच्या सिद्धरामेश्वर महाराजांनी गुरूचा ध्यानमार्ग आधी वर्षानुवर्षं केला, मग म्हणाले की थेटही जाता येतं. सोन्नलगीच्या सिद्धरामांनी आधी तलाव केला, मग कल्याणला गेले. दोघांपैकी एकानंही पहिली पायरी टाळलेली नाही. पक्ष्याचा मार्ग सांगणारे सगळे आधी भरपूर चाललेले असतात, हे त्यांचे शिष्य सांगत नाहीत.

दत्तचौक
बघा, माझ्या घोळातून ज्ञान निघालं. आजोबांचे दोन्ही फोटो परत लावतो.

उत्तरकसबा
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. विजापूरवेस यांचं म्हणणं आणि कल्याणच्या लग्नाचा मुद्दा, या दोन्हींवर मी कालपासून घोळतोय.

वचनवेडी ताईंना एक विचारतो. परंपरेनं अल्लम आणि चन्नबसवण्णांनंतर शून्यसिंहासनावर, म्हणजे अनुभवमंटपाच्या अध्यक्षपदावर, सिद्धरामांचं नाव घेतलं जातं. एवढ्या मोठ्या जागी पोचलेला माणूस शेवटी आला कुठं? परत सोन्नलगीला. समाधी कुठं? त्याच तळ्यातल्या देवळाच्या आवारात. अल्लम श्रीशैलकडं गेले, बसवण्णा कूडलसंगमला. सिद्धराम मात्र जिथं माती उपसली तिथंच आले. आत खोदणं झाल्यावरही बाहेरचं खोदलेलं त्यांनी टाकून दिलं नाही. मग अल्लमांनी त्यांना बदललं म्हणायचं, की सिद्धरामांनी अल्लमांचं ऐकून घेतलं आणि केलं स्वतःचंच?

वचनवेडी
दुसरं, असं म्हणायला तुम्ही टपलेले दिसता :)
परत आले हे खरं. पण ज्याच्या डोक्यावर 'माझा तलाव' होता तोच परत आला का, हे तुम्हाला आणि मला कसं कळणार? वचनांत बघायचं तर तिथं सिद्धराम बसवण्णांचं नाव किती वेळा आणि किती आर्जवानं घेतात ते बघा. ज्याचं काही सुटलेलं नाही तो दुसऱ्याचं एवढं नाव घेत नाही. तलाव तोच राहिला, मालक उरला नाही, असं मी वाचते. तुम्ही तुमचं वाचा.

नास्तिक_बाळीवेस
मालक उरला नाही हे तर तळ्याकडं बघूनच कळतं. जलपर्णी, प्लॅस्टिक, निर्माल्य. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही.

पाटबंधारे_निवृत्त
हे मात्र लागलं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि गावाच्या मधोमध तळं असून त्याचा गाळ कधी निघेल ते कुणी सांगत नाही. आमच्याकडं काठ साफ करायला रविवारी दहाबारा जण जमतात. यात्रा झाल्यावर गड्ड्याचा कचरा वाऱ्यानं सगळा पाण्यात येतो, तेव्हा खरी गरज असते. कप्पडकळीनंतरच्या, म्हणजे यात्रेच्या शेवटच्या विधीनंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता, किल्ल्याच्या बाजूनं. हातमोजे आणि घमेलं ज्याचं त्यानं आणायचं.

बाराबंदीवाला
येतो की काका. काठीवाली आमची दहा पोरं घेऊन येतो. फोटो काढणार नाही, वचनवेडी ताई.

वचनवेडी
काढा हो. मी पण येते.

कुंभारवाड्याची
मीपण. वचनांच्या मराठी अनुवादाचं पुस्तक कुणाकडं असेल तर तेव्हा घेऊन या, वाचून परत देते.

कडक_भाकरी
नाष्टा कुणाकडं?

पूर्वभागातला
माझ्याकडं. पण घमेलं रिकामं दिसलं तर शेंगाचटणी मिळणार नाही.